दोन नंबरचा बॉयलर

राजरत्न घरी पोचला तेव्हा पाव्हणे येऊन बसलेले होते. घोडेगावच्या रखमाजींनी आपल्या मुलासाठी त्यांच्या लेकीला, प्रज्ञाला, पसंत केल्यापासून चिमाबाईंनी हा दिवस मनात घोळवला होता. थोरला लेक ऐन सुपारीच्या वेळी साखर कारखान्यात अडकून पडतो की काय, म्हणून सकाळपासून त्या दारात येऊन रस्त्याकडे बघत होत्या. तो मोटारसायकल लावून आत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बॉयलरच्या नळ्यांतली राखाडी भुकटी तशीच होती. तोंड धुऊन ये म्हणाल्या, तर धुतलंय म्हणाला. ती भुकटी दसऱ्यापर्यंत निघत नाही, हे चिमाबाईंनाही ठाऊक होतं. त्यांचा नवराही वर्षानुवर्षं तसाच घरी येत असे.

दरसाल ऊस संपला की कारखान्याचे बॉयलर थंड होत आणि सफाईची टोळी आत शिरे. पाण्यातले क्षार नळ्यांना आतून धरतात. कांद्याच्या सालीएवढा थर बसला तरी आग पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, बगॅस, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा, जास्त जळतो, आणि एखादी नळी तापून फुटली तर ऐन हंगामात कारखाना बंद. म्हणून मोटारीवर फिरणारा कटर एकेका नळीतून घालून खपली खरवडून काढायची. आधी हे काम चिमाबाईंचे यजमान भागुजी आणि जुन्नरच्या इब्राहिमनं केलं. आता टोळी राजरत्नची होती, आणि इब्राहिमचा मुलगा दानियाल त्याचा भागीदार. धाकटा संघर्ष परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाला होता आणि पाळीचा सगळा कारभार त्याच्याकडे असे.

माजघरात अमिरुन्निसा शिऱ्याच्या पातेल्यापाशी बसली होती. दानियालची आई. ह्या घरातलं कुठलंही कार्य तिच्या हाताशिवाय झालं नव्हतं, आणि आजही ती पहिल्या एसटीनं इब्राहिमबरोबर आली होती. दान्या कुठं राहिला, असं तिनं राजरत्नला विचारलं. येतोय मागून, थोडं काम उरकून निघेलच, असं सांगून राजरत्न बाहेर पाव्हण्यांत जाऊन बसला.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागली. वंदना झाली. रखमाजी सुपारी हातात घेणार तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. पाळी सुटायची वेळ नव्हती. भोंगा थांबला आणि पुन्हा वाजला. बाहेर बसलेल्या भागुजींनी कान टवकारले आणि इब्राहिमकडे बघितलं. रखमाजींनी सुपारी ताटात ठेवून दिली.

थोड्या वेळानं कारखान्यातला एक फिटर मोटारसायकलवरून आला. गाडीवरून न उतरताच त्यानं सांगितलं, "दोन नंबरच्या बॉयलरात मानूस भाजलं. सफाईच्या टोळीतलं. जीपनं नारायणगावला न्हेलंय."

चिमाबाई माजघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आधी राजरत्नकडे पाहिलं. तो समोर होता, धडधाकट. संघर्ष पाळीवर होता, पण तो काही बॉयलरच्या पोटात, ड्रममध्ये, उतरत नाही. त्यांच्या तोंडून शब्द आपोआप सुटले.

"आपला न्हाई," त्या म्हणाल्या. "आपला न्हाई गं बाई, आपला न्हाई."

मागे शिरा करपल्याचा वास आला. त्या वळल्या. अमिरुन्निसा उलथणं धरून तशीच बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती.

"कोन हाय?" तिनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

फिटरनं मान खाली घातली. मग म्हणाला, "चाची, दानियालभाई हाय."

*

थोरली सून अमृता तेव्हा पाण्याचे तांबे घेऊन ओसरीच्या दारात होती. सगळे फिटरकडे बघत होते. ती नवऱ्याकडे बघत होती, कारण भोंगा वाजल्यापासून त्याचा चेहरा तिला कसातरीच वाटत होता. दानियालचं नाव ऐकल्यावर राजरत्नचा हात पँटच्या खिशात गेला. त्यानं काहीतरी अर्धवट बाहेर काढलं, बघितलं आणि पुन्हा खिशात सारलं. ते पितळी कुलूप होतं. अमृताच्या हातातला एक तांबा कलंडला आणि पाणी पाव्हण्यांच्या चपलांवर गेलं, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

त्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला कुलूप म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. एक नंबरचा आणि दोन नंबरचा बॉयलर शेजारी शेजारी. दोन्हींच्या तळातलं गाळाचं पाणी एकाच पाइपातून बाहेरच्या खड्ड्यात जातं. त्याला ब्लो-डाऊन म्हणतात. एक पेटता असेल आणि दुसऱ्यात माणूस असेल, तर पेटत्याचा व्हॉल्व उघडायचा नाही, नाहीतर उकळतं पाणी पाइपातून उलटं चढून दुसऱ्याच्या ड्रममध्ये येतं. म्हणून आत जाणाऱ्यानं पेटत्या बॉयलरच्या व्हॉल्वला साखळी घालून आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. ही शिस्त भागुजींनी घालून दिली होती.

इब्राहिम आणि अमिरुन्निसाला घेऊन रखमाजींची जीप नारायणगावकडे गेली. भागुजीही त्यांच्यासोबत गेले. राजरत्न मोटारसायकल काढायला मागच्या अंगाला गेला तेव्हा अमृता त्याच्यामागे गेली.

"कुलूप तुमच्या खिशात कसं आलं?"

त्यानं आधी कसलं कुलूप म्हणून विचारलं. मग गाडीच्या सीटवर हात टेकून तो सांगू लागला. काम संपलं होतं. दोघंही ड्रमच्या बाहेर आले होते. रोजच्या सवयीनं त्यानं कुलूप काढून खिशात टाकलं. गेटपर्यंत आल्यावर आठवलं, की मागच्या ओळीतल्या नळीत कटरचं डोकं अडकून राहिलंय. तसंच राहिलं असतं आणि बॉयलर पेटवला असता, तर ती नळी पाण्यावाचून जळाली असती. त्यानं तिथूनच दानियालला ओरडून सांगितलं, तेवढं डोकं काढून घे. दानियालनं हात वर केला.

"तो आत जानार हे तुमाला ठावं व्हतं," अमृता म्हणाली.

"व्हतं."

"आनि कुलूप?"

"सुपारीची येळ झाली व्हती, अमृता. डोस्क्यात तेच चाललं व्हतं. कुलुपाचं ध्यानातच न्हाई आलं."

नऊवारीचा पदर खोचून ती घरात परत गेली आणि करपलेलं पातेलं घासायला बसली. हात चालत होते, पण पातेलं दिसत नव्हतं.

*

नारायणगावच्या दवाखान्यातून दानियालला पुण्याला हलवलं तेव्हा संघर्ष पायरीवर बसून होता. त्याला स्वतःचे हात बघवत नव्हते. व्हॉल्वचं चाक त्याच हातांनी फिरवलं होतं.

दसऱ्याला हंगामासाठी बॉयलर पेटवायचा, अग्निप्रदीपनाचा समारंभ होता, त्याआधी एक नंबरची चाचणी म्हणून तो पेटवलेला होता. पाण्यात क्षार वाढले की गाळ सोडावाच लागतो. तसा सोडला नाही तर साफ केलेल्या नळ्यांवर पहिल्याच आठवड्यात पुन्हा थर धरतो. भाऊ अंग धुऊन, भांग पाडून गेटकडे जाताना त्यानं पाहिला होता. व्हॉल्वपाशी आला तर साखळी लोंबत होती, कुलूप नव्हतं. आत कुणी नाही, असं त्यानं गृहीत धरलं. नियम असा होता की कुलूप असो-नसो, दोन नंबरमध्ये माणूस शिरायच्या भोकाशी वाकून हाक मारायची. तीस पावलांवर ते भोक होतं. त्यालाही बहिणीच्या सुपारीला जायचं होतं. गाळ सोडला की पाळी दुसऱ्याच्या हवाली करून तो निघणार होता.

त्यानं चाक फिरवलं. पाइप थरथरला. मग दोन नंबरच्या आतून आवाज आला. आधी त्याला तो पाण्याचाच वाटला.

चाक उलटं फिरवून तो धावला आणि टोळीतल्या दोघांच्या मदतीनं त्यानं दानियालला ओढून काढलं. दानियाल शुद्धीत होता. कमरेखाली आणि दोन्ही हातांना भाजलं होतं. जीपमध्ये तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिला, पाणी कुठून आलं. तक्रार म्हणून नव्हे. एखाद्या कारागिराला काम कुठं चुकलं ते कळू नये, तसं तो विचारत होता.

संध्याकाळी कारखान्याचे एक साहेब दवाखान्यात आले. त्यांनी संघर्षला बाजूला घेतलं आणि मऊ आवाजात समजावलं. बॉयलर इन्स्पेक्टर चौकशीला येईल. सफाईवाला कुणाला न सांगता परत आत शिरला, एवढंच सगळ्यांनी सांगितलं तर कुणाचं काही जाणार नाही. दसऱ्याचा समारंभही ठरल्याप्रमाणे होईल. आणि ते फारसं खोटंही नाही, असं साहेब म्हणाले. त्यानं तुला कुठं सांगितलं होतं?

संघर्षनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातले सगळे ओसरीवर बसले. निमगाव सावाच्या त्या आळीत सगळ्यांना बातमी कळली होती, पण कुणी घराकडे फिरकलं नव्हतं.

राजरत्ननं साहेबांचंच म्हणणं पुढं मांडलं. दानियालचा सगळा खर्च आपण करू, त्याची बायको मनाल हिला आणि पोरांना काही कमी पडू देणार नाही, पण बोलायचं ते साहेब म्हणतात तसंच. नाहीतर संघर्षचं सर्टिफिकेट जाईल आणि टोळीतल्या सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. प्रज्ञाची सोयरीकही अर्ध्यावर आहे, तीही तुटेल. चिमाबाई मान डोलावत होत्या. पोरं वाचावीत, यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं.

प्रज्ञा म्हणाली की तिच्या लग्नाचं नाव कुणी ह्यात आणू नये. अमृतानं नवऱ्याकडे न बघता सांगितलं की दानियाल न सांगता आत गेला नव्हता, राजरत्ननं सांगितलं म्हणून गेला होता. ही गोष्ट संघर्षला नवी होती. तो भावाकडे वळला.

"तू त्याला आत धाडलं?"

"आनि तू हाक का न्हाई मारली?" राजरत्न म्हणाला.

दोघंही उभे राहिले होते. लहानपणी भांडायचे तेव्हा चिमाबाई मध्ये पडत, पण आज त्यांना हलताच आलं नाही. सगळे भागुजींकडे बघू लागले. ज्या माणसानं कुलपाची शिस्त घातली, तो काय म्हणणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अमृताला तर नव्हतीच. तिनं आपला सगळा भार त्यांच्यावरच टाकला होता.

भागुजींनी जमिनीवरची नजर उचलली नाही.

"राजू म्हनतो तसंच सांगा," ते म्हणाले.

अमृतानं मान वर केली. संघर्षला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आबा, तुमी म्हनताय हे?" त्यानं विचारलं.

"मीच म्हनतोय." भागुजींचा आवाज चढला नव्हता. "मी कामाला लागलो तवा आपल्या मानसाला राख उचलायला ठेवत. बॉयलरच्या चाकाला हात लावू देत न्हवते. इब्राहिमनं हट्ट धरला, माज्यासंगं हाच पायजे, तवा मला नळीपशी येता आलं. आनि तुला त्या चाकावर बसवायला उभी हयात गेली. उद्या हे भायेर पडलं तर कुनी म्हननार न्हाई संघर्षची चूक झाली. म्हनतील, ह्या लोकांच्या हाती बॉयलर द्यायचाच न्हवता. तुज्या मागनं येनाऱ्या सगळ्यांचा रस्ता बंद व्हईल."

हे खरं होतं, आणि ते ज्यासाठी वापरलं जात होतं ते खरं नव्हतं. अमृता उठून आत गेली. ज्या इब्राहिमनं हट्ट धरला, त्याचंच नाव घेऊन सासऱ्यांनी त्याच्या पोरावर दोष ठेवला होता. तिला वाटलं, ह्या घराच्या भिंतीला हात लावला तर ती पडेल.

*

चिमाबाई एकट्याच पुण्याला गेल्या. घरात एवढंच म्हणाल्या की दानियालला बघून येते. त्यांना साक्षीपुराव्याचं काही कळत नव्हतं. अमिरुन्निसासमोर आपल्या तोंडून निघालेलं ते वाक्य तेवढं झोपू देत नव्हतं.

दवाखान्याच्या लांब बोळात अमिरुन्निसा जमिनीवर चादर टाकून बसली होती. मनाल आत होती. जीव वाचेल, हातांचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. चिमाबाई तिच्याजवळ बसल्या. डब्यातली भाकरी पुढं केली, ती अमिरुन्निसानं बाजूला ठेवली.

माफी मागायची असं ठरवून चिमाबाई आल्या होत्या. पण ओठावर दुसरंच आलं.

"तुज्या लेकाची चूक न्हवती, बाई," त्या म्हणाल्या. "राजूनं त्याला परत आत धाडला आनि कुलूप घेऊन घरी आला. संघर्षनं बघितलं न्हाई आनि पानी सोडलं. दोगंबी माजीच. आनि आता समदी मिळून दानियालवर ढकलनार हायेत. घरात तसं ठरलंय."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं. पोरांना वाचवायला कालपर्यंत मान डोलावणारी आपणच.

अमिरुन्निसानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "दान्या सकाळपासनं एकच इचारतोय, पानी कुठनं आलं. त्याला वाटतंय, त्याच्याच हातनं काय चुकलं." मग आतल्या दाराकडे बघत, "मला सांगून काय व्हनार? त्याला कोन सांगनार?"

चिमाबाईंनी डोळे पुसले. त्या उठल्या आणि आत गेल्या. खाटेवर दानियालचा चेहरा तेवढा उघडा होता. त्यांनी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. रागावला नाही, रडलाही नाही. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "म्हंजी कुलूप न्हवतं." एवढं कळल्यावर त्याला झोप लागली.

*

चौकशी कारखान्याच्या अतिथीगृहात होती. बाहेरच्या बाकावर भागुजी बसले होते, शेजारी दोन्ही मुलं. इब्राहिमलाही बोलावलं होतं. तो आला, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भागुजींनी दानियालची चौकशी केली. बरा आहे, म्हणाला.

शिपायानं संघर्षचं नाव पुकारलं. संघर्ष उठला, पण दाराकडे न जाता इब्राहिमसमोर येऊन उभा राहिला.

"चाचा, आई तुमच्याकडं काय बोलली ते मला तिनं सांगितलंय. मी आत तेच सांगनार हाय. तुमच्यासाटी न्हाई सांगत. मला परत त्या चाकाला हात लावायचा असला, तर खोटं बोलून लावता येनार न्हाई."

इब्राहिमनं मान हलवली. संघर्ष आत गेला.

भागुजींना आधी काही उमगेना. चिमाबाई काय बोलली? कुणाशी? त्यांनी राजरत्नकडे पाहिलं. राजरत्नचा चेहरा पांढरा पडला होता. आईनं दोघांनाही सकाळीच सांगितलं होतं, फक्त नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षांच्या संसारात चिमाबाईंनी त्यांना विचारल्याशिवाय बाजारसुद्धा केला नव्हता.

आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच साहेबांचा आवाज चढला, मग संघर्षचा तसाच सपाट आवाज. राजरत्न उठला, पुन्हा बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. संघर्षनं सगळं स्वतःवर घेतलं असेल आणि आपलं नाव काढलंही नसेल, असं त्याला एकदम वाटलं, आणि तेच त्याला सोसवेना. तो उठून दारापाशी गेला. शिपायानं अडवलं. "मला बी सांगायचंय," असं म्हणून त्यानं दार ढकललं.

बाकावर दोघं म्हातारे उरले.

समोर बॉयलरची चिमणी दिसत होती. धूर नव्हता. चौकशी होईपर्यंत एक नंबरही विझवून ठेवला होता. ह्याच चिमणीखाली दोघांनी एका ड्रममध्ये पालथं पडून एकमेकांच्या हातात दिवा दिला होता. भागुजी त्याच्याकडे वळले.

"इब्राहिम, पोरांचा दोस न्हाई. खोटं सांगा म्हनून मीच सांगितलं व्हतं."

"म्हाईत हाय."

"कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. पोरं तुला इचारल्याबिगर काय करत न्हाईत."

इब्राहिमनं टोपी उचलली, झटकली आणि परत गुडघ्यावर ठेवली.

"तुज्या जागी मी असतो तर मी बी तेच सांगितलं असतं," तो म्हणाला. "पोटची पोरं हायेत." मग चिमणीकडेच बघत म्हणाला, "पर मग तुज्याशेजारी येऊन बसलो नसतो, भागुजी."

भागुजींना वाटलं, उठून जावं. त्यांनी बाकावर हात टेकला, पण एकट्याला उठता येईना. इब्राहिमनं ते पाहिलं. त्यानं हात पुढं केला नाही. पण तो उठून निघूनही गेला नाही.